तांदळातलं नाव आणि पार्ट टू ऑर्डर

प्रकरण नावाचं आहे, पण त्यातलं एकही नाव मी लिहिणार नाही. गाव सातारा तालुक्यातलं, एवढं पुरे. मुलगा पायदळात शिपाई, वय २६. तो २०१९ मध्ये भरती झाला. पुढे करोनानं भरती थांबली आणि २०२२ ला सुरू झाली ती अग्निवीर म्हणून. पोरगं अगदी दार लागता लागता आत शिरलं, असं गावात म्हणतात. मुलगी विट्याकडची, वय २३, डी. फार्म. झालेली. लग्नाला १३ महिने झाले होते. ती पाच महिन्यांची गरोदर होती, तेव्हा सासरे तिला घेऊन माझ्या ओट्यावर आले.

मी फौजेत क्लार्क होतो. पेन्शनवर आल्यापासून लोक कॅरीबॅगेत कागद घालून येतात आणि मी चष्मा पुसतो. मोबदला म्हणून कंदी पेढे येतात, ते मला डॉक्टरांनी बंद केलेत. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव ज्या तालुक्यात आहे, जिथं पहिल्या महायुद्धातल्या ४६ जवानांची आठवण दगडावर कोरली आहे, त्या भागात मला कामाची कमतरता पडत नाही. पण शंभरातली साठ-सत्तर कामं फिरून एकाच ठिकाणी येतात. बाईचं नाव. ही माझी मोजदाद नव्हे, बसल्या जागचा अंदाज.

पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय ते आधी सांगतो. युनिटचा रोजचा कारभार पार्ट वन ऑर्डरमध्ये छापतात. जवानाच्या नोकरीत, पगारात, घरात जे बदलतं ते पार्ट टू मध्ये येतं. रजेवर गेला, बढती मिळाली, लग्न झालं, मूल झालं, सगळं. हुकमाच्या भाषेत अशा प्रत्येक घटनेला ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात, लग्नालासुद्धा. यावर फौजेत जितके विनोद झालेत तितके दुसऱ्या कशावर झाले नसतील. पण गोष्ट साधी आहे. गावानं अक्षता टाकल्या, पंगत उठली, वरात निघाली, तरी पार्ट टू ऑर्डर निघेपर्यंत फौजेच्या लेखी तो जवान बिनलग्नाचा.

लग्न

मे महिन्यातलं लग्न. ३० दिवसांची सुट्टी. फौजेत जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस सीएल (किरकोळ रजा) असते, म्हणजे अग्निवीराच्या तिप्पट, पण ती एका दमात मिळत नाही. त्या ३० दिवसांतले पहिले नऊ पत्रिका वाटण्यात आणि कापडखरेदीत गेले. लग्न, पूजा, जागरण-गोंधळ, जेजुरी, शिखर शिंगणापूर, पाचपरतावणं. हिशेब मी मुद्दाम मांडला होता. नवराबायको दोघंच एकमेकांसमोर बसलीत, असे दिवस सहा निघाले.

वरात घरी आली. माप ओलांडलं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं. नाव सासूबाईंनी सुचवलेलं. त्यालाही कारण होतं. मुलीचं माहेरचं जे नाव, नेमकं तेच थोरल्या नणंदेचं. एका हाकेला दोघी ‘ओ’ देणार. फोटो निघाले, सगळ्यांनी नाव वाचलं, दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची खीर झाली.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी कुणालातरी विवाह नोंदणीची आठवण झाली. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते, नवराबायको आणि तीन साक्षीदार समोर लागतात, आणि गावात हे काम ग्रामसेवकाकडे असतं. हल्ली त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावाच्या तोंडी ग्रामसेवकच. त्यांनी आधार कार्ड बघितलं आणि आधारवरचं, म्हणजे माहेरचं नाव दाखल्यात घातलं. ते बरोबरच होतं. घरच्यांनी दाखला लॅमिनेट करून आणला. मजकूर कुणी वाचला नाही.

मुलगा पुण्याहून झेलमनं जम्मूला गेला. युनिटमध्ये पोचल्यावर लग्नाची नोंद करायचा अर्ज भरला. पत्नीचं नाव या रकान्यात त्यानं तांदळातलं नाव लिहिलं, पुढं आपलं, पुढं आडनाव. सोबत जोडला तो दाखला माहेरच्या नावाचा. एका टाचणीत दोन बायका.

अर्ज वर गेला आणि ऑब्झर्व्हेशन लागून परत आला. ‘नावात तफावत, खुलासा करावा.’ तोपर्यंत त्याची कंपनी पुढच्या पोस्टवर गेली होती. कागद युनिटच्या फायलीत राहिला. त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. चूक कुणाची, असं मला नेहमी विचारतात. मी त्या खुर्चीत बसलोय. टेबलावर तसले कितीतरी कागद असतात, आणि ज्याचा कागद तो बर्फात असतो.

पहिलं वर्ष

कागदाच्या कामाशी थेट संबंध नसला तरी हे वर्ष कसं गेलं ते लिहायला हवं, कारण पुढं निर्णय झाला तो त्यातून झाला.

मुलीच्या वडिलांचा गलाईचा धंदा. खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत, तसे हेही परराज्यात. घरी वर्षातून दोनदा येणार. त्यामुळे कर्ता माणूस लांब आणि घर बायकांच्या जिवावर, हे तिला नवं नव्हतं. सासूबाई तर फौजीच्याच बायको. दोघींनाही वाट बघणं येत होतं, मात्र पद्धत वेगळी. सासूबाईंच्या काळी आंतरदेशीय पत्र यायचं आणि ते सगळ्यांदेखत वाचलं जायचं. सुनेचा फोन रात्री आठ-सव्वाआठला यायचा आणि रेंजसाठी ती गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहायची. ‘आमच्यापुढं बोलायला काय होतं?’ हा पहिल्या चार महिन्यांतला मुख्य वाद. मग एकदा भर पावसात ती छत्री घेऊन वर गेली, तेव्हा सासऱ्यांनी काही न बोलता वायफायचं कनेक्शन घेतलं. वाद मिटला. पलीकडे पोस्टवर रेंज नसली की फोनच यायचा नाही, तेव्हा मात्र दोघी एकाच खोलीत गप्प बसायच्या.

साखरपुडा दसऱ्याला आणि लग्न मे मध्ये, म्हणजे आधीचे सात-आठ महिनेही फोनवरच गेलेले. तिनं मला सांगितलं, “काका, मला त्यांचा आवाज जास्त ओळखीचा आहे. सुट्टीवर आले की पहिला दिवस नवीन माणूस आल्यासारखं वाटतं.” हे वाक्य मी माझ्या बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, “मला पहिली दहा वर्षं वाटायचं.” आम्ही त्यावर पुढं बोललो नाही.

श्रावणानंतर तिनं साताऱ्यात एका मेडिकलमध्ये नोकरी धरली. रोज एसटीनं ये-जा. फार्मासिस्ट म्हणून तिची नोंदणी माहेरच्या नावावर, दुकानात भिंतीला लावलेल्या प्रमाणपत्रावर तेच नाव. म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एक नाव, घरी दुसरं. आणि रात्री फोनवर? ते मी बऱ्याच उशिरा विचारलं.

दिवाळसणाला जावई आले नाहीत. पलटणीत दिवाळीची सुट्टी सगळ्यांना हवी असते, त्याची पाळी आली नाही. माहेरच्यांनी केलेली अंगठी डबीतच राहिली. तो आला संक्रांतीला, नव्या वर्षाच्या कोट्यातली १५ दिवसांची सुट्टी काढून. काळी साडी, हलव्याचे दागिने, अंगणात काढलेला फोटो. तो फोटो तिच्या मोबाइलच्या पडद्यावर अजून आहे. पंधरा दिवसांत कागदाचा विषय निघाला नाही, आणि तो निघायला हवा होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जून

गरोदरपणाचे पहिले महिने गावाजवळच्या डॉक्टरकडे गेले. पाचव्या महिन्यात सासरे म्हणाले, पैसे कशाला घालवायचे, आपलं ईसीएचएस आहे की. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. सासरे हवालदार म्हणून पेन्शनवर आलेले, कार्ड त्यांचं आणि पत्नीचं. सुनेला घेऊन ते पॉलिक्लिनिकमध्ये गेले. तिथं सांगितलं की ईसीएचएस माजी सैनिकाचं, त्याच्या पत्नीचं आणि नियमात बसणाऱ्या अवलंबितांचं आहे, त्यात सून येत नाही. सून ही तुमच्या मुलाची अवलंबित. तो नोकरीत आहे, तेव्हा तिचा हक्क मिलिटरी हॉस्पिटलमध्ये, डिपेंडंट कार्डावर.

हे नियमाला धरूनच होतं. सासऱ्यांना ते पटेना. “माझ्या घरात राहती, माझ्या चुलीवर जेवती, आन् माझ्यावर अवलंबून न्हाई?” हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच. घर एक असतं, पण फौजेच्या वहीत बाप आणि पोरगा ही दोन वेगळी पानं.

मुलाला फोन गेला. डिपेंडंट कार्ड काढ. त्यानं युनिटमध्ये विचारलं आणि तेव्हा कळलं की पार्ट टू ऑर्डरच निघालेली नाही, तेव्हा कार्ड नाही. शिवाय पलटण पुढच्या वसंतात पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येतं अशा छावणीत, जाणार होती. फॅमिली क्वार्टरसाठी नाव द्यायचं तर तिथंही लग्नाची नोंद आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही मंडळी माझ्या ओट्यावर. कॅरीबॅगेत लॅमिनेट केलेला दाखला, दोघांची आधार, तिची दहावी-बारावीची, डिप्लोम्याची प्रमाणपत्रं, रेशनकार्ड आणि लग्नाचा अल्बम. अल्बम कशाला, विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, “भाऊजी, ताटातल्या नावाचा फोटो आहे त्यात. पुरावा.”

मी कागद दोन ढिगांत लावले. एका ढिगात माहेरचं नाव. दहावी, बारावी, डिप्लोमा, फार्मासिस्ट नोंदणी, आधार, पॅन, बँक, विवाह दाखला. दुसऱ्या ढिगात तांदळातलं. युनिटमधला अर्ज, रेशनकार्ड, दवाखान्याचा केसपेपर आणि अल्बम.

दवाखान्याचा केसपेपर बघून मला खरी काळजी वाटली. त्याबद्दल पुढं.

वाटा

एक वाट अशी की तांदळातलं नाव कायम करायचं. त्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणायचा, मग आधार, मग पॅन, बँक, मग फार्मासिस्टची नोंदणी. दहावीचं प्रमाणपत्र जुन्याच नावाचं राहणार, म्हणजे जिथं जाईल तिथं राजपत्राची प्रत दाखवत फिरायचं. होतं सगळं, पण वेळ खातं, आणि पोटातलं मूल थांबणार नव्हतं. शिवाय आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक संधी इथं खर्ची.

दुसरी वाट, काहीच बदलायचं नाही. माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, तसंच पार्ट टू ऑर्डरला द्यायचं. कायद्यानं लग्नानंतर नाव बदलायची सक्ती कुठंही नाही. कागदाच्या दृष्टीनं ही सगळ्यात सोपी वाट. मी ती मांडली तेव्हा ओट्यावर शांतता पसरली. सासऱ्यांनी तंबाखूची डबी उघडून बंद केली.

तिसरी मधली. पहिलं नाव माहेरचं तेच ठेवायचं, पुढं नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव लावायचं. याला विवाह दाखल्यावर आधार बदलून मिळतं, राजपत्र लागत नाही. मग नवा अर्ज, सोबत दाखला, नवं आधार आणि दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र.

मला काय वाटत होतं ते सांगतो. नाव बदलायची चाल मला पूर्वी गोड वाटायची. चोवीस वर्षं कागद बघितल्यावर वाटेनाशी झाली. कारण तत्त्वाचं वगैरे नाही. बापाचं रेकॉर्ड एका रेषेत चालतं, आईचं प्रत्येक पानावर दुसरं. मी स्वतः क्लार्क, तरी माझ्या बायकोची जन्मतारीख रेकॉर्डमध्ये १ जून आहे आणि शाळेच्या दाखल्यात दुसरीच. १ जूनला निम्मा महाराष्ट्र जन्मलाय, हे आपण हसण्यावारी नेतो. फौजी पेन्शनची ‘स्पर्श’ ही ऑनलाइन प्रणाली आल्यापासून पेन्शनरांना कळलं की संगणक हसत नाही.

पण निर्णय माझा नव्हता. मी सुनेला विचारलं. ती सासूबाईंकडे बघून म्हणाली, “आई म्हणतील तसं.” सासूबाई म्हणाल्या, “आमचं काय, पोराला विचारा.” फोन लागला नाही. दोन दिवसांनी त्याचाच मला आला.

“काका, ते नाव आईनं सांगितलं, मी लिहिलं. माझ्या मनात काही नव्हतं.”

“तू तिला काय म्हणून हाक मारतोस?”

थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग म्हणाला, “जुन्याच. साखरपुड्यापासून तेच तोंडात बसलंय. आईसमोर नुसतं ‘अगं’ म्हणतो.”

तिसरी वाट ठरली ती अशी. सासूबाईंना काय सांगायचं ते त्यानं स्वतः सांगितलं. मी मध्ये पडलो नाही.

वारस

नवा अर्ज भरताना आणखी एक कागद निघाला, आणि प्रकरणातला सगळ्यात अवघड तास तोच ठरला. भरती झाला तेव्हा मुलानं वारस म्हणून आईचं नाव दिलं होतं. फंडाला, ग्रुप इन्शुरन्सला, सगळीकडे. लग्न झाल्यावर हे नव्यानं भरायचं असतं. ते राहून गेलं होतं.

सासूबाई उठून आत गेल्या. तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये, म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. आमच्या भागात ही भीती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात हुतात्मा झाले, तेव्हा सातारा तालुक्यातली घरंच्या घरं रस्त्यावर उभी होती. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ ला स्वतः लष्करात अधिकारी झाल्या, ही गोष्ट आमच्याकडे सासवाही सुनांना सांगतात. पण ती दुसऱ्या घराची गोष्ट म्हणून.

मी एवढंच सांगितलं. कुटुंब निवृत्तिवेतनाचा पहिला हक्क पत्नीचा, तो वारसपत्रावर अवलंबून नसतो. इन्शुरन्सच्या रकमेत मात्र हिस्से पाडता येतात, आईचं नाव पूर्ण काढायची गरज नाही. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, “मी असताना माझ्या ह्यांनी कुणाचं नाव दिलं होतं?” सासरे शेजारीच होते. म्हणाले, “तुझंच. माझ्या आईला सांगितलं नव्हतं.”

हिस्से किती ठरले ते त्या घराचं.

बाळंतपण

आधारला तीन आठवडे लागले, प्रतिज्ञापत्राला एक सकाळ. या वेळी मुलानं अर्ज दिल्यावर दर आठवड्याला विचारायचं, असं मी बजावलं होतं. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झालं, धनुष्यबाण, फुलांची वाडी, सगळं, आणि ती माहेरी विट्याला गेली. सप्टेंबरमध्ये पार्ट टू ऑर्डर निघाली. त्यानं ऑर्डरचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, ‘काका, आज लग्न झालं.’

आता हक्क होता, पण हॉस्पिटल कुठं? जवळचं मोठं मिलिटरी हॉस्पिटल पुण्याला. साताऱ्याहून ते ११० किलोमीटर, विट्याहून आणखी लांब. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि पुण्यात मुक्कामाला कुणी नातलग नाही. मी म्हणालो होतो, पुण्यालाच न्या, खर्च वाचेल. कुणी ऐकलं नाही, आणि नवव्या महिन्यातल्या पोरीला घेऊन तेवढा रस्ता कोण तुडवणार, हे मलाही कळत होतं. विट्यात खासगी दवाखान्यात नाव घातलं. ठरवून केलेलं बाळंतपण तातडीच्या उपचारात बसत नाही, तेव्हा ते बिल फौजेकडून मिळायचं नव्हतं. एवढी खटपट करून मिळवलेलं कार्ड पहिल्या बाळंतपणाला उपयोगी पडलंच नाही. प्रकरण लिहायचं तर हेही लिहायला हवं.

केसपेपरची काळजी मात्र खरी ठरली. ऑक्टोबरच्या शेवटी पहाटे मुलगी झाली. दवाखान्यानं जन्माचा फॉर्म भरला तो गावाकडच्या जुन्या केसपेपरवरून. आईच्या नावापुढं तांदळातलं नाव. मी तिच्या भावाला आधीच सांगून ठेवलं होतं की फॉर्म नगरपरिषदेकडे जाण्याआधी वाच. त्यानं वाचला आणि मला फोन केला. नर्सबाईंनी खाडाखोड न करता नवा फॉर्म भरून दिला. पाच मिनिटांचं काम. तोच फॉर्म पुढं गेला असता तर दुरुस्तीला किती हेलपाटे, ते मी मोजायचं सोडून दिलंय. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव शासकीय कागदांवर कसं लिहायचं, तर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे आईच्या नावातला गोंधळ आता आईपुरता राहत नाही. तो लेकीच्या नावाच्या पोटात जाऊन बसतो.

बापाला बातमी व्हॉट्सॲपवर गेली. एक टिक. सहा तासांनी दुसरी. तेवढ्या वेळात विट्याहून साताऱ्याला पेढे पोचले होते.

बारशाला तो आला, बाराव्या दिवशी दुपारी, पाळणा बांधून झाल्यावर. नाव ठेवायचा मान आत्याचा. ही तीच थोरली नणंद, जिच्या नावामुळं हे सगळं घडलं. तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले, आणि मी कोपऱ्यातून विचारलं, स्पेलिंग काय? लोक हसले. पण जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत असेल तर नाव लगेच घालून घ्यावं. त्यानं तिसऱ्या दिवशी जाऊन घातलं, आणि परत गेल्यावर मुलीची पार्ट टू ऑर्डर महिन्याभरात निघाली. एकही ऑब्झर्व्हेशन नाही.

क्वार्टर

मार्चमध्ये पलटण पीसला आली आणि क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, एमईएसचे, म्हणजे फौजेच्या बांधकाम खात्याचे पलंग, त्यांच्या पायांवर रंगवलेले नंबर. जाताना काळ्या ट्रंकेत १५ किलो ज्वारीचं पीठ, काळा मसाला, बाळाची दुपटी. तिकडं ज्वारी मिळत नाही आणि गव्हाची पोळी रोज खाऊन कंटाळा येतो, हे सासूबाईंना अनुभवानं माहीत. फोन आता ती शेजारच्या बिहारी वहिनींसमोर, त्यांना कळू नये म्हणून मराठीत, बिनधास्त मोठ्यानं करते. क्वार्टरच्या दारावरच्या पाटीवर नवऱ्याचं नाव आहे आणि खाली तिचं, माहेरचं. फार्मासिस्टची नोकरी तिकडं मिळेल का ते अजून कळलेलं नाही. पहिल्या महिन्यात दोघांचं तीनदा कडाक्याचं भांडण झालं, असं तिनं माझ्या बायकोला सांगितलं. सलग एवढे दिवस एकत्र राहायची सवयच नव्हती.

राहिलेला अर्ज

सुनेचे कागद लावताना मी सासऱ्यांचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा हुकूम, मागून घेतला होता, सहज. त्यात पत्नीचं नाव बघितलं आणि परत सासूबाईंचं आधार बघितलं. आधारवर, रेशनकार्डवर, बँकेत जे नाव आहे ते तांदळातलं. त्यांच्या ताटातलं, ३० वर्षांपूर्वीचं. पीपीओवर माहेरचं. लग्न झालं तेव्हा सासऱ्यांच्या वडिलांनी सुनेचा शाळेचा दाखला युनिटला पाठवला होता, त्यावरून ते नाव चढलं आणि तसंच राहिलं. उद्या सासऱ्यांचं काही बरंवाईट झालं तर कुटुंब निवृत्तिवेतनाला हीच बाई ती, हे शाबीत करत बसावं लागेल. दुरुस्ती नवरा हयात असताना करून घ्यावी, तेव्हा त्याच्या सहीवर काम होतं.

मी हे सांगितल्यावर सासूबाईंना वाईट वाटेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “म्हणजे फौजेत मी अजून माझ्या नावानं आहे?” पीपीओ हातात घेतला आणि बोट ठेवून ती ओळ वाचली. मग सासऱ्यांना दाखवली. ते म्हणाले, “या नावानं मी हिला कधी हाक मारली नाही.”

अर्ज मी तयार केला. पीपीओवरचं नाव काढून आधारप्रमाणे करावं, असा. प्रतिज्ञापत्र झालं, फोटो झाले, सासऱ्यांची सही झाली. सासूबाईंची एक सही राहिली आहे. दोनदा निरोप पाठवला. परवा एसटी स्टँडवर भेटल्या तेव्हा म्हणालो, “वहिनी, ते काम करून टाकू.”

“करू की भाऊजी,” म्हणाल्या, “दिवाळी होऊ दे.”